चार नंबरचं मशीन

चपला दाराबाहेर काढायच्या, दोन्ही हात सदऱ्याला पुसायचे, मान आत घालायची आणि अख्ख्या कॅफेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "चार नंबर खाली शे का, ताई?"

अहिराणीत खाली म्हणजे रिकामं. हे दर गुरुवारचं. आमच्याकडे सहा मशीन होती. कधी कधी सहाच्या सहा रिकामी असायची, मी एकटी काउंटरवर माश्या मारत बसलेली असायचे, तरी प्रश्न तोच. चारवर कुणी असलं तर नाना भिंतीला टेकून उभे राहायचे. खुर्ची पुढे केली तरी बसायचे नाहीत. जो कुणी चारवर बसलेला असेल त्याच्या पाठीकडे ते इतक्या शांतपणे बघत राहायचे, की पाच-दहा मिनिटांत त्या माणसाच्या मानेला खाज सुटायची आणि तो आपण होऊन उठायचा.

त्यांचं खरं नाव ते आमच्या रजिस्टरात दर वेळी स्वतःच्या हातानं लिहायचे, एकेक अक्षर कोरल्यासारखं. ते इथे सांगत नाही. सगळे त्यांना नाना म्हणायचे, तेवढं पुरे.

शतक संपायला एखाद-दुसरं वर्ष उरलं होतं तेव्हाची गोष्ट. सुरतेत घोडदोड रोडवर एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तो सायबर कॅफे होता आणि मी तिथे नोकरीला होते. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना त्या लाइनचा आवाज आठवत असेल. नंबर फिरवला की आधी टूं-टूं, मग कुणीतरी पत्रा ओरबाडतंय असं किंचाळणं, आणि मग एकदम शांत झालं की समजायचं, लागलं. एका टेलिफोन लाइनवर आमची सहाही मशीन चालायची. एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. तरी लोक रांगेत उभे राहायचे. कॉलेजची मुलं यायची, हिऱ्याच्या आणि कापडाच्या व्यापाऱ्यांची पोरं यायची, अमेरिकेतल्या नातवाचा फोटो बघायला आज्या यायच्या. तासाचा दर असा होता की नानांसारख्या माणसाची निम्मी दिवसाची मजुरी त्यात जायची.

आता माझंही सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला नीट कळायचं नाही. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. वडील रंगाई-छपाईच्या कारखान्यात, घर उधन्याकडे, एका खोलीचं. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि ही नोकरी मिळाली तेव्हा आईनं शेजारपाजारी पेढे वाटले. कॅफेत मी फक्त गुजराती बोलायचे. इतकं चांगलं बोलायचे की गिऱ्हाइकांना मी त्यांच्यातलीच वाटायचे आणि मला ते आवडायचं. कुणी राहायला कुठे विचारलं तर "स्टेशन बाजू" म्हणून मोकळी व्हायचे. दिवसभर मी लोकांना लंडन-अमेरिकेशी जोडून द्यायचे, आणि मला घरी यायला उशीर होणार आहे हे आईला कळवायची सोय नव्हती. आमच्या गल्लीत फोनच नव्हता.

तर अशा माझ्यासमोर एके गुरुवारी नाना येऊन उभे राहिले.

पांढरा लेंगा-सदरा, डोक्यावर टोपी, बोटांच्या टोकांना राखेचा काळसर रंग बसलेला. हातातल्या चिठ्ठीवर त्यांच्या मुलानं पोस्टानं कळवलेला ई-मेलचा पत्ता आणि तो उघडायचा परवलीचा शब्द. मुलगा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा मिस्त्री, आफ्रिकेतल्या कुठल्याशा कापड गिरणीत दोन वर्षांच्या करारावर गेलेला. तिथल्या ऑफिसातला एक भला कारकून त्याला आठवड्यातून एकदा कॉम्प्युटरवर बसू द्यायचा. मुलानं तिकडूनच नानांच्या नावाचं खातं उघडून ठेवलं होतं.

त्या दिवशी नेमकं चार नंबर रिकामं होतं. मी त्यांना तिथे बसवलं. पत्र उघडलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. नाना चौथीपर्यंत शिकलेले, मराठी वाचायचे, पण ही अक्षरं त्यांना येत नव्हती. मी हळू आवाजात वाचायला लागले तर त्यांनी कानामागे हात धरला.

"जरा जोरमा वाच, ताई. कानमा लूम बठेल शे."

कानात लूम बसलाय! तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेली माणसं अशीच असतात हो, आपल्यालाही ऐकू येत नाही समजून ती आपल्याशीही ओरडूनच बोलतात. मग काय, भर कॅफेत मी मोठ्यानं मराठी वाचते आहे, "नाना, मी बरा आहे, इथं भात मिळतो," आणि नाना तितक्याच मोठ्यानं "हां! बरं शे! भात मियस!" म्हणत आहेत. पाच मशीनवरच्या पाच माना आमच्याकडे वळल्या. कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. मनात म्हटलं, अरे बाप्पा, हे ध्यान आता दर आठवड्याला येणार की काय.

आलेच. त्यांच्या कारखान्याची वीज गुरुवारी बंद असायची, तोच त्यांचा सुटीचा दिवस. घर लिंबायतला, रेल्वेच्या पलीकडे. गरनाळ्यातून, म्हणजे रुळांखालच्या भुयारी वाटेतून अलीकडे यायचं, स्टेशनपर्यंत चालायचं, तिथून जमलं तर बस, नाहीतर पुन्हा चालत. एक पत्र ऐकायला अख्खी सुटी जायची.

"नाना, फोन का नाही घेत?" मी एकदा विचारलं.

त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात घडी घातलेली पावती. मुलगा गेला त्याच महिन्यात फोनसाठी अर्ज केला होता. "मन्हा एरियामा केबल भरेल शे म्हनतस. नवी टाकतीन तवय." नवी कधी टाकणार, ते कुणी सांगत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एक पीसीओ होता, पण परदेशचा फोन तिथून लागायचा नाही, आणि लागला असता तरी त्या खरखरीत नानांच्या कानांना काय कळलं असतं? तेव्हा मुलाचा आणि त्यांचा काय तो धागा, आमच्या त्या पहिल्या मजल्यावर होता.

मी मालकाला एकदा सुचवलंही होतं की एखादं मशीन उधना-लिंबायत बाजूला टाका, तिकडे घरोघरी कुणी ना कुणी परगावी आहे. मालक माणूस वाईट नव्हता. तो हसला. "त्यां कोण आवशे? अने लाइन ज क्यां छे?" तिकडे कोण येणार, आणि लाइन तरी कुठे आहे? लाइन नाही म्हणून दुकान नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून लाइन नाही. मी रजिस्टर पुढे ओढलं. जास्त बोलले असते तर, तुला तिकडचं एवढं कसं माहीत, असं त्यानं विचारलं असतं.

दुसऱ्या गुरुवारी योगायोगानं पुन्हा चारच रिकामं होतं. तिसऱ्या गुरुवारी दोन आणि पाच रिकामी होती, चारवर एक मुलगी गप्पा छाटत होती. मी म्हटलं, "नाना, दोनवर बसा." नाना हसले. मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले आहे असं ते हसू होतं.

"ताई, ज्या लूमवर बीम चढस, ताका बी तठेच उतरस. दुसरा लूमवर कसा उतरी?"

नानांचं काम बीम जोडायचं. लूमवरचा जुना बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपत आला, की नव्या बीमचे हजारो धागे जुन्याच्या हजारो धाग्यांना एकेक करून जोडायचे. बोटांना राख लावून, चिमटीत पीळ देऊन. कधी कधी एका बीमला दिवस जायचा. आणि ज्या लूमवर तो बीम चढला त्याच लूमवर त्याचा ताका, म्हणजे कापड, उतरणार, हे त्यांच्या हातांना माहीत होतं. मुलाचं पहिलं पत्र चारवर निघालं होतं. म्हणजे मुलगा चारला जोडलेला होता. झालं.

मी सांगायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मग वाटलं, असू दे. किती गोड समजूत आहे!

दुसऱ्या दिवशी मी ती गोष्ट कॉलेजच्या मुलांना सांगितली. नानांचा आवाज काढून, कानामागे हात धरून सांगितली. मुलं पोट धरून हसली. मी चांगली नक्कल करते, पहिल्यापासून. तेव्हापासून चार नंबरला सगळे "नानानो संचो" म्हणायला लागले, म्हणजे नानांचा लूम. गुरुवारी नानांचं डोकं दारात दिसलं की मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायची आणि माझ्याकडे बघायची. मीही हसायचे. सांगते ना, हसायचे. त्या हसण्यात मी त्यांच्या बाजूला असायचे आणि नाना पलीकडच्या बाजूला.

नानांना यातलं काही कळत नव्हतं. लोक आपल्याला बघून आनंदी होतात असंच त्यांना वाटत असावं. जाताना ते चारच्या डोक्यावर हात ठेवायचे, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि मला म्हणायचे, "चारले सांभाळजो, ताई." पान उघडायला वेळ लागला की बाकीची गिऱ्हाइकं माउस आपटायची. नाना तेवढा वेळ पडद्याकडे बघत स्वस्थ बसायचे. एकदा लाइन तीनदा तुटली, मी वैतागून स्वतःशीच बडबडायला लागले, तर मलाच म्हणाले, "धागा तुटस. फिरी जोडनं. त्याम्हा काय राग?"

पत्राचा कागद छापून ते घरी न्यायचे, बायकोसाठी. एका गुरुवारी तो हातात घेऊन जरा वेळ घुटमळले. म्हणाले, म्हातारी कागद उलटसुलट करून बघते आणि म्हणते, "हाई त्यानं अक्षर नही." मुलाचं अक्षर तिला ओळखू यायचं. वाचता येत नव्हतं तरी यायचं. या छापलेल्या कागदात ते नव्हतं, त्यामुळे पत्र मुलाचंच आहे याची तिला खात्री पटेना.

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगं, ताईनी जोरमा वाचेल शे. पन ती म्हनस, कागदमा पोऱ्या दिसत नही."

ती आजारी आहे हे मला तेव्हा कळलं. छातीचं दुखणं. वर्षानुवर्षं घरात बॉबिनवर धागा भरायचं काम करत आली होती, तंतू आणि धूळ नाकातोंडात. आता चार पावलं चालली की धाप लागायची. मुलाला नानांनी कळवलं नव्हतं. "तठे तो काय करी? जीवले घोर लागी." दोन महिने ते दर गुरुवारी मला सांगायचे, "लिख, माय बरी शे," आणि मी लिहायचे.

मग एका गुरुवारी नाना आले आणि चारसमोर बसले. मी मशीन चालू करून दिलं. ते म्हणाले, "लिख. माय बिमार शे. तुले देखानं म्हनस." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. "आनि लिख, घाबरू नको." मग थांबून, "नको, ते नको लिखू. घाबरू दे. तवय येई."

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, फार दिवस धरू नका. म्हातारीचं एकच मागणं होतं, पोराला डोळ्यांनी बघायचं. पण मुलाचा पासपोर्ट गिरणीच्या मालकाकडे, करार संपायला अजून सव्वा वर्ष. तो सुटून येऊ शकेल का, आणि वेळेत येऊ शकेल का, याखेरीज त्या घरात दुसरी कुठली गोष्ट उरली नव्हती.

पुढच्या गुरुवारी त्याचं उत्तर होतं. शेठशी बोलतो, काहीतरी करतो, आईला सांगा धीर धर. नानांनी तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. त्या दिवशी चारच्या डोक्यावरून त्यांनी दोनदा हात फिरवला.

आणि मग तो गुरुवार आला.

बुधवारी संध्याकाळी चार नंबरचा पडदा उडाला होता. मिस्त्रीनं पडदा आणि पेटी दोन्ही उचलून नेली, टेबलावर नुसत्या वायरी लोंबत होत्या. गुरुवारी दुपारी कॅफे भरलेला. कुठल्याशा परीक्षेचे निकाल लागायचे होते, मुलं घोळका करून उभी होती, लाइन सारखी तुटत होती. तीनवर आणि चारवर कुणी नव्हतं. तीनवरचा मुलगा नुकताच उठून गेला होता.

दारात नानांचं डोकं आलं. "चार नंबर खाली शे का, ताई?"

घोळक्यात खसखस पिकली. मी मान वर न करता म्हटलं, "चार बंद आहे, नाना. बिघडलंय."

माझ्या मनात पुढचं वाक्य होतं. तीनवर बसा, असं मी म्हणणार होते. पण ते म्हटलं की वाद होणार, तो बीम आणि तो ताका निघणार, मग ते तीनवर बसले तरी मला मोठ्यानं वाचावं लागणार, मराठीत, या सगळ्या पोरांसमोर. मी एक क्षण, खरंच एकच क्षण थांबले.

नानांनी त्या रिकाम्या टेबलाकडे बघितलं. लोंबणाऱ्या वायरींकडे बघितलं. "व्हई का दुरुस्त?" त्यांनी विचारलं.

"होईल. चार-पाच दिवसांत."

"मंग पुढला गुरुवारे येस." आणि ते वळले. मी त्यांना चपला घालताना पाहिलं. हाक मारायला उठलेही होते मी. तेवढ्यात लाइन पुन्हा तुटली, घोळका ओरडला, मी नंबर फिरवायला बसले. ते किंचाळणं सुरू झालं आणि जिन्यातून उतरणारी नानांची पावलं त्यात ऐकू आली नाहीत.

तुम्ही म्हणाल, एवढंसं तर झालं. मीही त्या दिवशी तेच म्हटलं. घरी जाताना बसमध्ये जरा टोचलं, मग विसरले.

पुढच्या गुरुवारी चार दुरुस्त होऊन आलं होतं. नाना खूश झाले, चारच्या समोर बसले, हात सदऱ्याला पुसले. मी खातं उघडलं. पत्र होतं. तारखेकडे माझं लक्ष नव्हतं, मी सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"नाना, देवानं ऐकलं. लूमचे सुटे भाग आणायला शेठ एका माणसाला सुरतेला पाठवतोय. मी आईचं सांगितलं. शेठ म्हणतो, आई खरंच एवढी आजारी आहे असं घरून लिहून आलं तर तुझं तिकीट काढतो, नाहीतर दुसरा जाईल. शनिवारपर्यंत कळवा. फक्त हो म्हणून कळवा, तेवढं बस."

नाना उठून उभे राहिले होते. आनंदानं. "लिख, ताई! हो लिख! हो, हो लिख!"

मी लिहीत नव्हते. मी वर बघत होते, जिथे तारीख होती. मागच्या आठवड्यातल्या मंगळवारची. तो गुरुवार येऊन गेला होता, तो शनिवारही येऊन गेला होता.

"नाना," मी म्हटलं, "हा शनिवार गेला."

त्यांना ऐकू गेलं नाही. मला ते दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगावं लागलं.

ते हळूहळू खाली बसले. "कवय वनं हाई?"

"मागच्या मंगळवारी."

त्यांनी बोटांवर वार मोजले. मंगळ, बुध, गुरू. मग चारच्या पडद्याकडे बघितलं. मी वाट बघत होते. आता हा माणूस मला विचारणार, मी गुरुवारी आलो होतो तेव्हा हे पत्र कुठे होतं.

"चार बंद व्हतं ना," नाना म्हणाले. "त्यामाच अटकी गयं व्हई."

पत्र चारमध्येच अडकून पडलं होतं. मशीन बिघडलं होतं, त्यात कुणाचा काय दोष! आणि माझा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी राखेनं काळवंडलेला तो हात माझ्या डोक्यावर ठेवला. "तू काय करशी, माय? रडू नको."

मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं. काय सांगणार होते? की नाना, ते पत्र तीनवरही होतं, एकवरही होतं, साऱ्या जगात कुठल्याही मशीनवर होतं, फक्त तुमच्या लिंबायतमध्ये नव्हतं? की मी तुम्हाला पहिल्याच महिन्यात सांगू शकले असते, पण तुमची समजूत मला गोड वाटली आणि तिच्यावर मला चार टाळ्या मिळाल्या? मी "हो" लिहिलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं, चार वेळा लिहिलं. त्याचं उत्तर आलं ते माहीतच होतं. दुसरा माणूस रविवारीच निघून गेला होता.

म्हातारी त्यानंतर दोन महिने होती.

नाना आले तो गुरुवार नव्हता. गरनाळ्यात गुडघ्याएवढं पाणी होतं, लेंगा वरपर्यंत भिजलेला. चार रिकामं होतं. ते विचारल्याशिवायच जाऊन बसले. म्हणाले, "लिख. माय गई." मी लिहिलं. पुढचं सांगतील म्हणून थांबले. ते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बस." 'माय गई' हे दोन शब्द त्यांच्या नेहमीच्या आवाजात साऱ्या कॅफेनं ऐकले होते, आणि त्या दिवशी कुणी हसलं नाही. अहिराणी न कळणारी पोरंही हसली नाहीत.

त्यानंतर मी त्यांना फार जपायला लागले. गुरुवारी दुपारी चारवर कुणाला बसू द्यायचे नाही. पैसे घ्यायचे नाही, माझ्या पगारातून भरायचे. वाचायचे तेव्हा खणखणीत आवाजात वाचायचे, कोण बघतंय याची पर्वा न करता. कुणी "नानानो संचो" म्हटलं तर असं झापायचे की पुन्हा बोलायची छाती होऊ नये. पण ती एक गोष्ट सांगायची राहिली. दर गुरुवारी ठरवायचे आणि दर गुरुवारी ते जाताना म्हणायचे, "चारले सांभाळजो, ताई," आणि मी "हो नाना" म्हणायचे. त्यांच्यासाठी मी लपवते आहे, आता सांगून त्यांच्या जिवाला कशाला लावायचं, असं स्वतःला समजावायचे. खोटं. मी माझ्यासाठी लपवत होते. तो डोक्यावर ठेवलेला हात मला हवा होता.

करार संपला आणि मुलगा आला. आईच्या वर्षश्राद्धाला पोचला एवढंच. त्याच आठवड्यात तिकडच्या कारकुनाला, सुखरूप पोचलो, असं कळवायला तो नानांना घेऊन कॅफेत आला. उंच, काळासावळा, नानांसारखीच हात पुसायची सवय. गुरुवार होता, पण सकाळची वेळ, नेहमीची नव्हे. चारवर एक बाई बसल्या होत्या.

नानांनी सवयीनं विचारलं, "चार नंबर खाली शे का, ताई?"

मी काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "चार कसाले, नाना? हाई दोन खाली शे ना." आणि तो दोनवर जाऊन बसला.

मी काउंटरला धरून उभी होते. पान उघडायला नेहमीसारखा वेळ लागला. नाना त्याच्या खुर्चीमागे उभे होते, पडद्याकडे बघत, त्यांच्या त्या शांतपणे. मग पान उघडलं. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती, पण दीड वर्षात त्या पानाचं रूप त्यांना पाठ झालं होतं. कुठे काय असतं ते माहीत होतं. त्यांचंच खातं होतं ते. त्यांची सगळी पत्रं, एकाखाली एक, दोन नंबरच्या पडद्यावर.

नाना वाकले. अगदी जवळ जाऊन बघितलं.

"दोनवर बी येस?" त्यांनी मुलाला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज हळू ऐकला.

"कोनता बी मशीनवर येस, नाना," मुलगा टाइप करता करता म्हणाला. "हाई त तुम्हले ताईनी सांगेल व्हई ना."

नानांनी वळून चारकडे बघितलं. तिथे त्या बाई बसल्या होत्या. तिथून त्यांनी तीनकडे बघितलं. आणि मग माझ्याकडे.

त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पाय धरले असते, काहीही केलं असतं. रागानं बघितलं असतं तरी चाललं असतं. पण कुणी ओळखीचं समजून जवळ जावं आणि ते दुसरंच निघावं, तसं त्यांनी बघितलं आणि नजर काढून घेतली. मग मुलाला म्हणाले, "सांगेल व्हतं. मीच इसरी गऊ."

सांगितलं होतं. मीच विसरलो.

मुलाचं पत्र लिहून झालं. त्यानं पैसे पुढे केले, मी घेतले, कारण न घेण्याचं कारण काय सांगणार होते! नाना दाराबाहेर गेले, चपला घातल्या, कठडा धरून जिना उतरू लागले. मी दारापर्यंत धावत गेले. "नाना!" मी हाक मारली. अख्ख्या कॅफेला ऐकू जाईल अशी, मराठीत. माझा आवाज जिन्यात घुमला.

ते उतरतच राहिले. कानात लूम बसला होता. मुलानं वळून माझ्याकडे बघितलं आणि हसून हात केला.